‘वॉशिंग्टन’ : एका आडनांवाचा प्रवास

शाळामास्तराच्या आयुष्यांत त्यानें सर्वांत अधिक वेळां वाचलेला ग्रंथ कोणता, असा प्रश्न कोणीं मला केला, तर मी हजेरीपटाचें नांव घेईन. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्या शिदोरीवर मीं छत्तीस वर्षें मुलें शिकविलीं, आणि रोज सकाळीं प्रार्थना आटोपतांच तो लांबट पट उघडून नांवें वाचलीं. अशा रीतीनें हजारों नांवें माझ्या जिभेवरून गेलीं. परंतु आडनांव ही वस्तु मुळांत आहे काय, ती कोठून येते व कोणाच्या मालकीची असते, याचा विचार सेवानिवृत्तीचा काळ येईपर्यंत मीं कधीं केला नव्हता. तो करण्यास मला एका विद्यार्थ्यानें भाग पाडलें. ती हकीकत मी शेवटीं सांगणार आहें. तत्पूर्वीं एका इंग्रजी आडनांवाची कुळकथा आपणांपुढें ठेवतों. तें आडनांव आपल्या सर्वांच्या परिचयाचें आहे. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचें तें नांव, तिच्या राजधानीचें तें नांव, आणि तिच्या एका संस्थानाचेंही तेंच नांव. तें आडनांव म्हणजे ‘वॉशिंग्टन’.

आरंभीं इंग्रजी आडनांवांसंबंधीं थोडें सामान्य निरूपण करणें अवश्य आहे. आज प्रत्येक इंग्रजास आडनांव असतें, म्हणून तें फार पुरातन असावें असा आपला समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, तोंपर्यंत तेथील सामान्य मनुष्यास एकच नांव पुरत असे. नॉर्मन लोकांनीं आपल्याबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशीं नांवें आणलीं, व तीं इतकीं लोकप्रिय झालीं कीं, एकेका खेड्यांत पांच पांच विल्यम व सहा सहा जॉन होऊन बसले. सारा वसूल करणाऱ्या कारकुनानें यांतला विल्यम कोणता हें ओळखावें कसें? मग नांवापुढें ओळखीची एखादी खूण जोडण्यांत येऊं लागली. जॉनचा मुलगा तो जॉन्सन. लोहारकाम करणारा तो स्मिथ. कपडे शिवणारा तो टेलर. दंडानें बळकट तो आर्मस्ट्राँग. टेकडीजवळ राहणारा तो हिल. प्रथम ही खूण त्या एका मनुष्यापुरतीच असे. लोहाराच्या मुलानें पीठ दळण्याचा धंदा धरला, तर तो स्मिथ न राहतां मिलर होई. हळूहळू मात्र वतन, वारसा आणि कर यांच्या कागदपत्रांमुळें ती खूण बापाकडून मुलाकडे जाऊं लागली. १३७७, १३७९ व १३८१ या तीन वर्षीं राजानें डोईपट्टी बसविली, तेव्हां तर डोक्यांची मोजदाद व नांवांची नोंद सर्वत्र झाली. सुमारें १४०० पर्यंत इंग्लंडच्या बहुतेक भागांत आडनांव वंशपरंपरागत झालें होतें. पुढें १५३८ सालीं, आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, प्रत्येक चर्चनें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम सुटला, आणि आडनांवावर शाईचा कायमचा शिक्का बसला.

या सर्व प्रकारांत गांवावरून पडलेल्या आडनांवांची संख्या फार मोठी आहे. आपणांस हा प्रकार सांगावयास नकोच, कारण आपल्याकडील ‘कर’ प्रत्यय तेंच काम करतो. मात्र यांत एक मौज आहे. वाईंत राहणाऱ्यास वाईंत कोणीही वाईकर म्हणत नाहीं. तो वाई सोडून पुण्यास बिऱ्हाड करतो, तेव्हां वाईकर होतो. म्हणजे असें आडनांव बहुधा गांव सुटल्याची आठवण असतें. इंग्लंडांतही सामान्य मनुष्याच्या बाबतींत हेंच घडलें. जमीनदाराची गोष्ट मात्र निराळी. तो ज्या गांवचा धनी, त्या गांवचें नांव तो तेथें राहूनच धारण करी. आपलें प्रस्तुतचें आडनांव या दुसऱ्या रीतीनें जन्मास आलें.

इंग्लंडच्या ईशान्य भागांत डरहॅम नांवाचा परगणा आहे. तेथें विअर नदीच्या जवळ वॉशिंग्टन नांवाचें एक खेडें होतें. आज तें वाढून सन्डरलंड शहराच्या हद्दींत गेलें आहे. या ग्रामनामाचे तीन तुकडे पडतात. शेवटचा ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजींतील ‘तून’. त्याचा अर्थ कुंपण घातलेली वस्ती. हल्लींचा ‘टाउन’ हा शब्द त्याचाच वंशज. मधला ‘इंग’ हा अमक्याचा किंवा अमक्याच्या संबंधाचा असें दर्शवितो. आणि आरंभीं आहे ‘ह्वासा’ या नांवाच्या कोणा सॅक्सन गृहस्थाचें नांव. सारांश, वॉशिंग्टन म्हणजे ह्वासाची वाडी. या ह्वासाची ना समाधि आहे, ना बखर. त्यानें कोठें तरी जंगल तोडून कुंपण घातलें असेल, गुरें बांधलीं असतील, एवढाच तर्क. परंतु त्याचें नांव आज जगाच्या प्रत्येक नकाशावर आहे! कीर्ति कोणास कोणत्या वाटेनें गांठील याचा नेम नसतो.

आतां आडनांवाकडे वळूं. बाराव्या शतकांत त्याच डरहॅम परगण्यांत हार्टबर्न नांवाच्या गांवीं विल्यम नांवाचा एक जमीनदार होता. गांवावरून त्यास विल्यम डी हार्टबर्न म्हणत. डरहॅमचा बिशप हा केवळ धर्मगुरु नसून त्या प्रांतापुरता जवळजवळ राजाच असे. या बिशपाशीं विल्यमनें अदलाबदल केली. हार्टबर्न बिशपास दिलें व त्याच्या मोबदल्यांत वॉशिंग्टन गांव आपण घेतलें. बिशपानें ११८३ सालीं आपल्या मुलखाची जी पाहणी करविली, तिच्या वहीस ‘बोल्डन बुक’ म्हणतात. त्या वहींत या व्यवहाराची नोंद आहे. विल्यमनें सालीना चार पौंड द्यावे, आणि बिशपाची मोठी शिकार निघेल तेव्हां चार शिकारी कुत्रे घेऊन हजर व्हावें, अशी अट होती. गांव बदललें तसें आडनांवही बदललें. हार्टबर्नचा विल्यम वॉशिंग्टनचा विल्यम झाला.

श्रोतेहो, या ठिकाणीं क्षणभर थांबावें असें मला वाटतें. आपण आडनांवास रक्ताइतकें अभेद्य समजतों. परंतु येथें एका साध्या जमिनीच्या अदलाबदलीनें कुळाचें नांव पालटलें. तो व्यवहार फिसकटता, तर अमेरिकेच्या राजधानीस कदाचित् आज हार्टबर्न म्हणावें लागलें असतें. ज्या नांवापुढें पुढील काळांत राष्ट्रें नम्र झालीं, तें नांव कोणा देवानें दिलेलें नव्हतें. चार पौंड आणि चार कुत्रे ही त्याची पट्टी होती.

विल्यमच्या वंशाचा विस्तार होऊन त्याच्या शाखा निरनिराळ्या परगण्यांत पसरल्या. त्यांपैकीं एक शाखा पश्चिमेस लँकेशायर परगण्यांत वॉर्टन या गांवीं स्थायिक झाली. तेथील लॉरेन्स वॉशिंग्टन हा सोळाव्या शतकांत दक्षिणेकडे नॉर्थॅम्प्टन शहरीं आला, लोंकरीच्या व्यापारांत धनवान् झाला, व त्या शहराचा नगराध्यक्षही झाला. त्याच सुमारास आठव्या हेन्रीनें मठ मोडून त्यांच्या जमिनी विकावयास काढल्या होत्या. लॉरेन्सनें १५३९ सालीं सलग्रेव्ह येथील मठाची जहागीर ३२४ पौंड, १४ शिलिंग व १० पेन्स देऊन सरकाराकडून विकत घेतली व तेथें घर बांधलें. त्या घराच्या दाराशीं दगडांत या घराण्याचें ढालचिन्ह कोरलेलें आहे. त्यांत दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे आहेत. तेंच चिन्ह अमेरिकेच्या राजधानीनें १९३८ सालीं आपल्या ध्वजावर घेतलें. अमेरिकेचा राष्ट्रध्वजही या चिन्हावरूनच सुचला, असें पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येतें. पण त्यास पुरावा नाहीं, म्हणून तें आपण सोडून देऊं. मास्तरानें मुलांस गोष्ट सांगावी, परंतु गोष्ट आणि इतिहास यांमधील कुंपण मोडूं नये.

लॉरेन्सचा पणतू, त्याचेंही नांव लॉरेन्सच, हा ऑक्सफर्ड येथें शिकून धर्मोपदेशक झाला. एसेक्स परगण्यांतील पर्ली या गांवच्या चर्चचें उत्पन्न त्याच्याकडे होतें. इतक्यांत राजा व पार्लमेंट यांचें युद्ध जुंपलें. लॉरेन्स राजपक्षाचा समजला गेला, आणि १६४३ सालीं पार्लमेंटच्या पक्षानें त्यास जागेवरून काढलें. तो दारूच्या गुत्त्यांत वारंवार जातो, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यांत आला. त्याच्या बाजूच्या लोकांनीं हा आरोप खोटा म्हणून सांगितलें; परंतु ज्याची नोकरी एकदां गेली, त्याच्या बाजूचें बोलणें कोण ऐकतो? दारिद्र्यांत दिवस काढून १६५३ सालीं तो वारला. घरची स्थिति अशी खालावलेली, पाठीशीं कोणी नाहीं. तेव्हां त्याचा वडील मुलगा जॉन यानें समुद्राची वाट धरली.

हा जॉन वॉशिंग्टन तंबाखूचा व्यापार करणाऱ्या ‘सी हॉर्स’ नांवाच्या गलबतावर खलाशांच्या मुकादमासारख्या जागेवर लागला, आणि १६५६-५७ च्या सुमारास अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतीं पोहोंचला. परत येतांना पोटोमॅक नदींत त्याचें गलबत गाळांत रुतलें, वादळानें तें बुडालें, व आंतील तंबाखूचा माल नासून गेला. गलबत दुरुस्त होईपर्यंत जॉन तेथेंच राहिला. तेवढ्या अवधींत नॅथॅनिएल पोप नांवाच्या एका सधन जमीनदाराशीं त्याचा स्नेह जडला. पोपची कन्या अ‍ॅन हिच्याशीं १६५८ सालीं त्याचा विवाह झाला, आणि सासऱ्यानें जोडप्यास ७०० एकर जमीन दिली. मग इंग्लंडास परत कोण जातो? ज्या पोटोमॅक नदीनें जॉनचें गलबत गिळलें, त्याच नदीच्या कांठीं सुमारें दीडशें वर्षांनीं त्याच्या आडनांवाची राजधानी उभी राहिली. या जॉनचा पणतू जॉर्ज वॉशिंग्टन हा २२ फेब्रुवारी १७३२ रोजीं जन्मला.

जॉर्ज वॉशिंग्टनचें चरित्र आपणां सर्वांस ठाऊक आहे. तें येथें उगाळीत बसत नाहीं. आडनांवाच्या दृष्टीनें दोनच गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, त्यास स्वतःस कुळाच्या मोठेपणाची फारशी हौस नव्हती. इंग्लंडच्या राजाच्या वंशावळी ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानें त्याच्याकडे पूर्वजांची माहिती विचारली, तेव्हां या विषयाकडे आपण फार थोडें लक्ष दिलें आहे, असें त्यानें १७९२ सालीं प्रांजलपणें कळविलें. दुसरी गोष्ट अशी कीं, त्यास मूलबाळ झालें नाहीं. एवढ्या थोर पुरुषाचें आडनांव त्याच्या रक्तानें पुढें गेलें नाहीं. मग तें कोणीं पुढें नेलें? श्रोतेहो, माझ्या भाषणाचा खरा गाभा या प्रश्नांत आहे.

व्हर्जिनियांतील जमीनदारांची सर्व संपत्ति तंबाखूवर, आणि तंबाखू आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभी होती. जॉर्जचा बाप वारला, तेव्हां अकरा वर्षांच्या त्या मुलास वारशानें दहा गुलाम मिळाले. १७९९ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, माउंट व्हर्नन या त्याच्या जहागिरीवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकीं १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे. उरलेल्यांपैकीं बहुतेक पत्नीच्या पहिल्या पतीच्या इस्टेटींतले, व कांहीं भाड्यानें घेतलेले. आपल्या गुलामांस पत्नीच्या पश्चात् मुक्त करावें, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें. पत्नीनें १ जानेवारी १८०१ रोजींच त्यांस मोकळें केलें. इतरांस मात्र ती मुक्तता लाभली नाहीं. हीं सर्व मंडळी वह्यांत कशी नोंदलेली असत? केवळ एकेरी नांवानें. पुढें १८५० व १८६० सालीं अमेरिकेंत खानेसुमारी झाली, तेव्हां तर गुलामांच्या यादींत मालकाचें नांव लिहिलें, व गुलामांचें केवळ वय, लिंग आणि वर्ण! लक्षावधि माणसें, आणि जवळजवळ कोणाचेंही नांव नाहीं. आपसांत त्यांच्यापैकीं पुष्कळांस आडनांवें होतीं. तीं बापाकडून मुलाकडे कुजबुजत जात. परंतु मालकाच्या वहींत त्यांस जागा नव्हती.

या मंडळींतील एका माणसाची कथा ऐका. हॅरी नांवाचा एक तरुण आफ्रिकेच्या गँबिया नदीच्या बाजूनें धरून आणलेला. १७६३ सालीं त्यास जॉर्ज वॉशिंग्टननें विकत घेतलें. १७७१ मध्यें तो पळाला, पण सांपडला. पुढें अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालें, व बंडखोरांचे जे गुलाम इंग्रजांच्या फौजेंत येतील त्यांस मुक्त करूं, असा जाहीरनामा व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरानें १७७५ सालीं काढला. हॅरी पुन्हां पळाला आणि इंग्रजांस जाऊन मिळाला. ज्या वेळीं मालक स्वातंत्र्यासाठीं लढत होता, त्याच वेळीं त्याचा गुलाम स्वातंत्र्यासाठीं मालकाविरुद्ध उभा होता! १७८३ सालीं इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले, तेव्हां त्यांनीं बरोबर नेलेल्या सुमारें ३००० काळ्या लोकांची एक वही केली. त्या वहींत त्याची नोंद आहे : हॅरी वॉशिंग्टन, वय ४३. तेथून तो कॅनडांतील नोव्हा स्कोशिया येथें गेला. तेथील थंडी व अन्याय यांस कंटाळून १७९२ सालीं पंधरा गलबतांतून सुमारें बाराशें लोक आफ्रिकेंतील सिएरा लिओन येथें गेले. त्यांत तोही होता. तेथेंही कंपनी सरकारानें जमिनीवर जाचक सारा बसविला, तेव्हां १८०० सालीं जें बंड झालें, त्यांत हा म्हातारा सामील होता, व त्याबद्दल त्यास हद्दपार करण्यांत आलें. म्हणजे पहा, ह्वासाच्या वाडीपासून निघालेलें नांव डरहॅम, लँकेशायर, नॉर्थॅम्प्टन, एसेक्स, व्हर्जिनिया, नोव्हा स्कोशिया असें फिरत फिरत आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागलें. आणि प्रत्येक ठिकाणीं पट्टी भरणाऱ्याच्या किंवा पट्टी नाकारणाऱ्याच्या मस्तकावर बसून लागलें.

१८६५ सालीं अमेरिकेंतील गुलामगिरी घटनेनें नष्ट झाली. त्या वेळचें वर्णन बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत केलें आहे. हे गृहस्थ १८५६ सालीं व्हर्जिनियांत गुलाम म्हणून जन्मले. १८६१ सालीं त्यांचा मालक वारला व त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तींत गुरेंढोरें व भांडींकुंडीं यांच्या पंक्तींत ‘बुकर, एक मुलगा, किंमत ४०० डॉलर’ अशी नोंद आहे. मुक्तता झाल्यावर आपल्या लोकांस दोन गोष्टी ताबडतोब कराव्याशा वाटल्या, असें ते लिहितात. पहिली नांव बदलणें, आणि दुसरी, निदान कांहीं दिवस तरी तो मळा सोडून जाणें. कारण त्यावांचून आपण खरोखर सुटलों अशी मनाची खात्री पटेना. अमक्याचा जॉन असें ज्यास म्हणत, त्यानें आपलें स्वतःचें आडनांव घेतलें, आणि कित्येकांनीं तर मध्यें एक निरर्थक आद्याक्षरही लावून घेतलें. आपणांस हंसूं येईल; परंतु ज्यास सारें आयुष्य षष्ठी विभक्तींत काढावें लागलें, त्यास प्रथमा विभक्तीची केवढी अपूर्वाई!

पुढें लहानगा बुकर शाळेंत गेला. मास्तर हजेरी घेऊं लागले. इतर मुलें दोन दोन, तीन तीन नांवें सांगत होतीं. बुकरला एकच नांव ठाऊक. आपली पाळी येईपर्यंत त्यानें मनाशीं विचार केला, आणि मास्तरांनीं पूर्ण नांव विचारतांच, जन्मापासून आपण तेंच नांव वागवीत आहों अशा शांतपणें त्यानें सांगितलें, “बुकर वॉशिंग्टन.” त्याच्या सावत्र बापाचें पहिलें नांव वॉशिंग्टन असें होतें. आईनें आपलें मूळ नांव टॅलिअफेरो असेंही ठेविलें होतें, हें त्यास मागाहून कळलें, व तें त्यानें मध्यें घातलें. हाच मुलगा १८८१ सालीं टस्कीगी येथील विद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. १९०१ मध्यें त्याचें आत्मचरित्र निघालें, आणि १९१५ सालीं तो मरण पावला, तेव्हां त्या आडनांवास त्यानें दुसऱ्यानें थोर केलें होतें.

मुक्त झालेल्या असंख्य लोकांनीं वॉशिंग्टन हें आडनांव घेतलें. त्यांपैकीं फार थोड्यांचा जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्याशीं कांहीं संबंध होता. कोणीं पहिल्या अध्यक्षाविषयींच्या आदरानें तें घेतलें असेल. कोणाच्या बापाचें वा भावाचें तें पहिलें नांव असेल. आणि कोणास, ज्या देशानें आपणांस नांवच दिलें नाहीं, त्याच देशाच्या शिरोमणीचें नांव आपण घ्यावें, आम्हीही येथलेच आहों हें त्यांतून सांगावें, असें वाटलें असेल. परिणाम मात्र लक्षांत घेण्याजोगा आहे. २००० सालच्या अमेरिकन खानेसुमारींत वॉशिंग्टन आडनांवाचीं १,६३,०३६ माणसें होतीं. त्यांपैकीं शेंकडा सुमारें ९० कृष्णवर्णीय होतीं. एका इंग्रज जमीनदाराचें नांव आज मुख्यतः गुलामांच्या वंशजांनीं जिवंत ठेविलें आहे.

अमेरिकेंतील या मुक्ततेचा ध्वनि आपल्या महाराष्ट्रांतही उमटला होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांनीं गुलामांस दास्यत्वापासून मुक्त करण्याच्या कामीं औदार्य व स्वार्थत्याग दाखविला, त्यांस अर्पण केला. सातासमुद्रांपलीकडील वही आणि आपल्या गांवची वही यांत फारसें अंतर नाहीं, हें त्या थोर पुरुषानें ओळखलें होतें. मला मात्र तें फार उशिरां कळलें.

आतां आरंभीं कबूल केलेली हकीकत सांगतों. १९८६ सालची गोष्ट. जून महिना, दाखल करण्याचे दिवस. दगड फोडण्याच्या कामानिमित्त गांवोगांव हिंडणारा एक मजूर आपल्या मुलास घेऊन शाळेंत आला. मुलाचें नांव त्यानें सांगितलें, आपलें सांगितलें, आणि गप्प राहिला. आडनांवाचा रकाना मोकळा राहिला. मीं विचारलें, “आडनांव काय?” तो म्हणाला, “आमांस्नी कोन इचारतंय आडनांव, गुरुजी? तुमीच लिवा कायतरी.” बाहेर पालकांची रांग होती, पाऊस होता, मला घाई होती. मीं त्या रकान्यांत त्याच्या जातीचें नांव लिहून टाकलें, आणि पुढच्यास हांक मारली. सगळें मिळून एक मिनिटही लागलें नाहीं.

२००९ सालीं एक पस्तिशीच्या आंतला, नीटनेटका गृहस्थ आपल्या मुलीस दाखल करण्यास आला. त्यानें वांकून नमस्कार केला. मीं ओळखलें नाहीं. त्यानें आपलें जुनें नांव सांगितलें, तेव्हां आठवलें. मग त्यानें पिशवींतून सरकारी राजपत्राची प्रत काढून माझ्यापुढें ठेविली. त्यानें आडनांव बदलून घेतलें होतें. ज्या खेड्यांत त्याच्या आजोबांस माती दिली होती, त्या खेड्याच्या नांवास ‘कर’ लावून त्यानें नवें नांव केलें होतें.

मीं विचारलें, “अरे, हें कशासाठीं केलेंस?”

तो म्हणाला, “गुरुजी, रागावूं नका. तुम्हीं लिहिलेलें नांव मीं वीस वर्षांवर वागवलें. शाळेंत हजेरी व्हायची तेव्हां रोज सकाळीं पोरं माझ्याकडे वळून बघायचीं. नोकरीच्या अर्जावर तेंच, भाड्याच्या खोलीच्या कागदावर तेंच. मला जातीची लाज नाहीं, गुरुजी. पण माझं नांव विचारलं कीं माझी जातच सांगावी लागायची, ह्याचा कंटाळा आला. पोरीला तरी नांव असावं, म्हणून केलं.”

तो हें हळू आवाजांत बोलला. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. म्हणूनच तें मला अधिक लागलें. मी त्यास कांहींच उत्तर देऊं शकलों नाहीं. त्याच्या मुलीचा अर्ज मीं स्वतः भरला, आडनांवाचा रकाना त्यासच मोठ्यानें उच्चारावयास सांगितला, आणि तो जसा बोलला तसा लिहिला. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. बुकर वॉशिंग्टनची गोष्ट मीं पूर्वीं वाचली होती, वर्गांत कौतुकानें सांगितलीही होती. पण त्या गोष्टींत मी स्वतःस नेहमीं बुकरच्या जागीं कल्पीत असें. त्या दिवशीं मला कळलें कीं, माझी जागा त्याच्या समोरच्या खुर्चींत होती. त्या अमेरिकन मास्तरानें निदान मुलास विचारलें, आणि मुलानें सांगितलें तें लिहिलें. मीं विचारलें, पण उत्तरासाठीं थांबलों नाहीं.

तेव्हांपासून सेवानिवृत्त होईपर्यंत, २०१७ सालापर्यंत, आडनांवाचा रकाना मोकळा राहिला तर मीं तो घाईनें भरला नाहीं. बापास बसवून घेई, पाणी देई, आणि म्हणे, “घरीं विचार करून उद्यां सांगा, घाई नाहीं.” दुसऱ्या दिवशीं तीं माणसें जें नांव घेऊन येत, त्यांत कधीं गांव असे, कधीं आजोबांचें नांव असे, कधीं देव असे. माझ्या हातून झालेली चूक त्यानें भरून निघाली असें मी म्हणत नाहीं. एक चूक एकाच्या आयुष्यांत होते, आणि सुधारणा दुसऱ्यांच्या आयुष्यांत होते. असाच बहुधा मास्तराच्या धंद्याचा हिशेब असतो.

श्रोतेहो, डरहॅमकडील त्या मूळ गांवीं वॉशिंग्टन घराण्याच्या जागेवर एक जुना वाडा आहे. कालांतरानें त्यांत भाडेकरूंचीं बिऱ्हाडें झालीं, आणि १९३६ सालीं तो राहण्यास अयोग्य ठरून पाडला जाणार होता. तेव्हां तेथल्याच एका शाळामास्तरानें पुढाकार घेऊन मंडळी जमविली व तो वांचविला. १९५५ सालीं तो पाहुण्यांसाठीं खुला झाला. माझ्याच धंद्यांतील मनुष्याचें हें काम वाचून मला आनंद झाला. परंतु मनांत असेंही आलें कीं, वाडा पडला तर दगड उरतात, त्यांचा पुन्हां वाडा होतो. मुलाच्या नांवाचें तसें नसतें.

म्हणून आपणां सुशिक्षित मंडळींस माझी एकच विनंति आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातांत कोणती ना कोणती तरी वही असते. कोणाची कचेरींतली, कोणाची दवाखान्यांतली, कोणाची गृहसंस्थेची. घरीं कामास येणाऱ्या बाईचें नांव आपण डायरींत कसें लिहितों, तेंही पहावें. पुढें कोणी आपणांसमोर उभा राहून नांव सांगूं लागला, तर लेखणी क्षणभर थांबवावी, व तें नांव त्याच्या तोंडून पुरतें ऐकून घ्यावें. ह्वासाच्या वाडीचें नांव ज्यांनीं घेतलें, त्यांनीं तें मोठें केलें. तसेंच हें समोरचें नांवही उद्यां किती मोठें होईल, हें आज आपणांस वहींत दिसत नाहीं.